बॅरनने फास घेतला. सेव्ह लोड करू का? (विचर ३, सगळं फोडलेलं आहे)

रात्रपाळी | १४ ऑक्टोबर, रात्री १.५०

मंडळी, रात्री दोनला लिहितोय, शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या. ज्यांना 'द विचर ३: वाइल्ड हंट' अजून खेळायचाय त्यांनी इथूनच मागे फिरावं.

आधी आमची परिस्थिती. मळा पिंपळगाव बसवंतहून आत. द्राक्षाची गोडी छाटणी उरकली आहे आणि या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची. बाराच्या पुढे विहिरीवर जाऊन मोटर सुरू करायची, दीड-दोन तासांनी व्हॉल्व्ह बदलायला परत जायचं. शेजारच्या उसात बिबट्या आहे. त्यामुळे एकट्याने जायचं नाही हा आईचा नियम, आणि म्हणून नाना (वडील) बॅटरी-काठी घेऊन बरोबर असतात. मधल्या वेळात झोपलं की उठणं होत नाही. मी लॅपटॉप लावतो, नाना शेजारी खाटेवर पडतात. गेम सेलमध्ये दोन्ही एक्स्पान्शनसकट (म्हणजे नंतर आलेल्या जोडकथा) घेतला. आहे २०१५ चा, पण २०२२ च्या डिसेंबरातल्या अपडेटनंतर अजून देखणा झालाय. रे ट्रेसिंग बंद ठेवलं की माझ्या लॅपटॉपवर चालतो, फक्त पंखा मोटरपेक्षा मोठ्याने ओरडतो.

पहिले दोन दिवस नाना भिंतीकडे तोंड करून पडायचे. तिसऱ्या दिवशी व्हाइट ऑर्चर्डमधलं विहिरीचं काम आलं. ओसाड गाव, पडकी विहीर, आणि भर दुपारी त्या विहिरीवर दिसणारी नवरीच्या वेषातली बाई. इंग्रजीत नूनरेथ. मी सहज म्हटलं, "नाना, ही दुपारी बाराला निघते." नाना कुशीवर वळले. "मग? तिकटीला आणि विहिरीवर भर दुपारी जाऊ नये हे त्या लोकांनाही माहीतंय की." गेम पोलंडच्या कंपनीचा आहे, वॉर्साच्या, हे सांगितलं. त्यावर, "तिकडंही दुपारी शेतात कुणी नसणार," एवढंच. पण विहिरीत लोंबकळणारा सापळा, तळातलं कंकण, दोन्ही एकत्र जाळल्याशिवाय ती सुटत नाही, हे सगळं उठून बसून पाहिलं. तेव्हापासून मी खेळतो आणि मराठीत धावतं समालोचन करतो.

तर बॅरन. ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात. वेलेन नावाचा युद्धाने नासलेला दलदलीचा मुलूख. तिथल्या क्रोज पर्चच्या गढीवर हा जाडा, दारुडा, स्वतःच स्वतःला बॅरन म्हणवणारा सरदार. आपला गेराल्ट, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा 'विचर', आपल्या मुलीसारख्या सिरीला शोधत येतो. बॅरन म्हणतो, तुझ्या पोरीची माहिती देतो, आधी माझी बायको आणि मुलगी शोध. शोधता शोधता कळतं की त्या हरवलेल्या नाहीत, पळाल्यात. हाच मारायचा. नानांनी त्याचं नाव पहिल्या रात्रीच 'पाटील' ठेवलं. "दारू पिऊन मारायचं आणि सकाळी रडायचं. असले दोन आपल्या भाऊबंदकीतच पाहिलेत मी."

मग ती रात्र, ज्यात मारहाणीत पडलेलं, नाव न ठेवता पुरलेलं बाळ पिशाच्च होऊन उठतं. आम्ही त्याला मारलं नाही. बॅरनने ते हातात घेऊन गढीपर्यंत नेलं, उंबरठ्याखाली पुरलं आणि त्याला नाव दिलं. नाना त्या वेळी काही बोलले नाहीत.

पुढे दलदलीतल्या तीन म्हाताऱ्या, क्रोन्स. बायको अ‍ॅना त्यांच्याकडे अनाथ पोरांना सांभाळतेय. म्हाताऱ्या म्हणतात, टेकडीवरच्या झाडात कोंडलेला आत्मा मार. टेकडीवर आत्मा म्हणतो, मला सोड, मी पोरांना वाचवतो, त्या पोरांना खाणार आहेत. मी अडलो. नाना म्हणाले, "पोरं खाणाऱ्यांचं ऐकून कुणाला मारायचं? सोड त्याला." पक्ष्याचं पीस, पुरलेली हाडं, काळा घोडा, सगळं जमवून सोडला.

आणि त्याने वाटेतलं गाव साफ केलं. म्हाताऱ्यांनी राग अ‍ॅनावर काढला, तिची पाण्यातली चेटकीण करून टाकली. शाप उतरवायला आम्ही बाहुल्यांतून बरोबर बाहुली ओळखली तरी ती पुन्हा माणूस होऊन दोन मिनिटांत गेली. गढीवर परत आलो तर अंगणातल्या झाडाला बॅरन लटकलेला.

नाना उठले, बॅटरी घेतली आणि एक शब्द न बोलता व्हॉल्व्हकडे चालायला लागले. मी मागे पळालो. परत आल्यावर म्हणाले, "मागं जाता येतं म्हणालास ना? जा मागं."

टेकडीच्या आधीची सेव्ह आहे. तीन तास जातील. पण खेळ सुरू करताना मी ठरवलं होतं की या वेळी काहीही झालं तरी मागे जायचं नाही. काय करू?

सिडकोचा_राजा | १४ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

लोड कर भो. यात विचार कसला? आत्म्याला मार. बॅरन जगतो, अ‍ॅनाही जगते, फक्त तिचं डोकं ठिकाणावर राहत नाही. तो तिला घेऊन निळ्या डोंगरात कुणा वैद्याकडे जातो. तो शेवट जरा तरी बरा आहे. मी तोच केला.

गोदाकाठी | १४ ऑक्टोबर, सकाळी ९.०२

राजाभाऊ, तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्या रस्त्याने गेलं की पोरं जातात. म्हाताऱ्या ती खातात. ते विसरलात की गाळलंत?

रात्रपाळी, लोड करू नका. या कंपनीची ही जुनीच खोड आहे. २००७ च्या पहिल्या विचरपासून निर्णय आज आणि परिणाम कित्येक तासांनी, अशी रचना त्यांनी मुद्दाम केली, म्हणजे माणूस मागे जायला कंटाळावा. इथे तर परिणाम तुलनेने लवकर दिसतो म्हणून मोह होतो. आणि मागे जाऊन मिळणार काय? दुसरं दुःख. दुकान एकच, माल वेगळा.

(पंचवटीत राहते, वय पन्नास, मुलाने सोडून दिलेल्या कन्सोलवर हा गेम दोनदा पूर्ण केलाय. ओळख म्हणून सांगितलं, नाहीतर परवासारखं 'ताई, तुम्हाला गेम कोणी समजावला' असं कोणी विचारायचं.)

ग्वेंटवेडा | १४ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

बाकी जाऊ द्या. बॅरनशी पत्ते खेळलात का? त्याच्याकडे डाइक्स्ट्राचं कार्ड आहे. नसाल खेळलात तरी घाबरू नका, तो गेल्यावर ते त्याच्या कचेरीत सापडतं. सुतक संपलं की घेऊन या.

किस्सेबाज | १४ ऑक्टोबर, सकाळी १०.१०

ग्वेंटवेडा, तुम्हाला दंडवत. 🙏

भुताळ | १४ ऑक्टोबर, दुपारी १२.०५

(बरोबर बाराला लिहितोय, योगायोग.)

त्या बाळाबद्दल थोडं. इंग्रजीत त्याला बॉचलिंग म्हटलंय, मूळ पोलिश शब्द पोरोन्येत्स. बारसं न झालेलं, नीट न पुरलेलं मूल. त्याला नाव देऊन उंबरठ्याखाली पुरलं की तेच घराचं राखण करणारं होतं. मला यातला उंबरठा फार आवडला. आपल्याकडे नरसिंहाने हिरण्यकश्यपूला उंबरठ्यावरच मांडीवर घेतलं, कारण ती जागा ना आतली ना बाहेरची. इथेही बाळ ना जन्मलेलं ना मेलेलं, त्याला दुसरी जागा कुठली देणार? बॅरनने उंबरठ्यावर बारसं केलं, असं मी बायकोला सांगितलं होतं. ती उठून आत गेली.

एक दुरुस्ती. मागे एका धाग्यात कोणीतरी क्रोन्सना हडळी म्हटलं होतं. नाही. आपल्या भुतांना कारण असतं. मुंज झाली, लग्न राहिलं, की मुंजा. बाळंतपणात गेली की अळवंत. या तिघी कोणाच्या मरणातून आलेल्या नाहीत, त्या त्या मुलखाच्या मालकिणी आहेत. गाव त्यांना नैवेद्य देतं, भीतीही बाळगतं. आपल्याकडच्या साती आसरांसारख्या म्हणा.

रात्रपाळी | १४ ऑक्टोबर, दुपारी १.३०

भुताळ, बाकी सगळं मान्य, पण आसरांना त्या रांगेत बसवू नका. आमच्या विहिरीवर त्यांचं ठाणं आहे. आई दर वर्षी हळदकुंकू लावते. त्यांनी कोणाचा कान मागितलेला नाही. (त्या गावचा म्होरक्या मोबदला म्हणून स्वतःचा कान कापून देतो, ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी.)

भुताळ | १४ ऑक्टोबर, दुपारी १.४४

शब्द मागे घेतो. ठाण्याला माझाही नमस्कार सांगा.

सिडकोचा_राजा | १४ ऑक्टोबर, रात्री ९.२०

गोदाकाठी ताई, गाळलं नाही. पोरं आपल्याला नीट भेटतच नाहीत, दोन-चार संवाद. बॅरनसोबत आपण पाच-सहा तास काढतो. लेखकांनीच त्याला जिवंत केलाय, पोरांना नाही. मग मला बॅरनचं वाईट वाटलं तर माझा काय दोष?

गोदाकाठी | १४ ऑक्टोबर, रात्री १०.००

दोष नाही. पण मग लेखकांनी तुम्हाला कुठे बसवलं तेही बघा. बॅरनला बोलायला तासन् तास दिलेत. लढाईवरून आलो, ती दुसऱ्याकडे गेली होती, मी त्याला मारला, ती माझ्या अंगावर धावली, मग माझा हात उठला. सगळं त्याच्या तोंडून. अ‍ॅना आपल्याला भेटते तेव्हा तिचं भान गेलेलं असतं. तिची बाजू तिच्या तोंडून सलग एकदाही येत नाही. मूल नको म्हणून तिने म्हाताऱ्यांना साकडं घातलं आणि त्या बदल्यात वर्षभराची चाकरी पत्करली, हेही आपल्याला दुसरीकडूनच कळतं. लेखन उत्तम आहे यात वादच नाही. उत्तम असल्यामुळेच आपण दारुड्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडतो.

किस्सेबाज | १४ ऑक्टोबर, रात्री १०.२५

+१. शेवटचं वाक्य लिहून ठेवलं.

सिडकोचा_राजा | १४ ऑक्टोबर, रात्री १०.३१

बरं बरं. पण तरी मी लोड केलं असतं.

रात्रपाळी | १५ ऑक्टोबर, रात्री १२.४०

निकाल लागला. मी नाही लावला, नानांनीही नाही.

सकाळी चहा घेताना नानांनी पुन्हा विषय काढला की आज मागं जाऊ, पाटलाला वाचवू. आई चुलीपाशी भाकरी करत होती. ती कधी स्क्रीनसमोर बसलेली नाही. पण आमच्या घराला दोनच खोल्या, आणि मी रात्रभर मराठीत ओरडून सांगत असतो. तिने भाकरी उलटली आणि विचारलं, "त्या बाईचं नाव काय म्हणालास?"

म्हटलं अ‍ॅना.

"कालपासून दोघं त्या मारकुट्याचं सुतक धरून बसलात. ती बाई वर्षभर दुसऱ्यांची पोरं सांभाळत चिखलात राहिली. पोरांपायी तिचा जीव गेला. ती पोरं कुठंयत, ते विचारलं का कुणी?"

नाना कपात बघायला लागले.

"मागं जाऊन तुम्ही ती पोरं मारणार आणि त्याला जगवणार. मग ती कशासाठी मेली?"

एवढं बोलून तिने डबा भरला आणि बागेत फेलफूट काढायला आलेल्या बायांकडे गेली. (नव्या फुटीतल्या नको त्या कोंबांना आमच्याकडे फेलफूट म्हणतात. छाटणीनंतर फूट आली की याच कामाची धांदल.)

तर लोड करत नाही. पण प्रश्न राहिलाच. पोरं खरंच वाचली का? आत्म्याने नुसतं म्हटलं. त्याने गाव मारलं तसं पोरांचंही काही केलं असेल तर? आईला काय सांगू?

गोदाकाठी | १५ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

नोविग्राड शहरात पोचलात की मॅराबेलाची शाळा शोधा. याहून जास्त सांगत नाही. आईंना माझा नमस्कार.

संपादक | १५ ऑक्टोबर, सकाळी ११.००

धाग्याच्या नावात स्पॉयलरची सूचना आहे, तरी एक्स्पान्शनबद्दल लिहिताना पहिल्या ओळीत तसं नमूद करावं. कालच्या दोन तक्रारी आल्यात. ग्वेंटच्या पत्त्यांची देवाणघेवाण वेगळ्या धाग्यात.

नवखा_विचर | १७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.१०

दादा लोक, कालच गेम घेतला. व्हाइट ऑर्चर्डमध्येच बुडालेल्या प्रेतांनी (ड्राऊनर) तीनदा मारलं. काय चुकतंय?

ग्वेंटवेडा | १७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३०

पोलादी तलवारीने मारत असणार. पोलाद माणसांना, चांदी राक्षसांना. चांदीच्या तलवारीला त्या त्या जातीचं तेल लावायचं. क्वेन हे जादूचं चिन्ह सतत चालू ठेवायचं, एक फटका ते खातं. भुताटकी असेल तर जमिनीवर यर्डन टाकायचं, त्या वर्तुळात ती घट्ट होते आणि तलवार लागते. रस्त्यात दगडी कमानीसारख्या शक्तिपीठाच्या जागा दिसतील, पहिल्यांदा शक्ती ओढली की एक फुकटचा कौशल्य-गुण. आणि अवघडपणा कमी करायला लाजू नका. 'फक्त कथा' असाही पर्याय आहे, त्यात कोणाची इभ्रत जात नाही.

किस्सेबाज | १७ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.००

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा), नवखे.

रात्रपाळी | २९ ऑक्टोबर, रात्री २.१५

बरेच दिवस आलो नाही, पावसाने डाऊनीची (द्राक्षावरच्या बुरशीची) भीती घातली होती. बोर्डोच्या फवारणीत गेले दिवस. आता लाइट पुन्हा रात्रीची, म्हणजे विचर पुन्हा चालू.

नोविग्राड. पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा नाना म्हणाले, "भद्रकाली." (नाशिकमधली, गजबजलेली.) गल्ल्या, आरडाओरडा, ओळखीचा माणूस शोधायला लागणारा वेळ, सगळंच. चौकात खांबाला बांधून माणसं जाळताना पाहिलं मात्र आणि गप्प झाले.

शाळा सापडली. पोरं होती. दलदलीतलीच. ओळखू आली.

आईला उठवलं नाही, सकाळी सांगितलं. "बरं झालं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "जेवतात का नीट?" आता याचं उत्तर गेममध्ये नाही. मी हो म्हणून टाकलं.

एक गंमत. नानांना अख्ख्या गेममधलं सर्वात आवडलेलं काय, तर कामाचे पैसे ठरवणं. राक्षस मारायचं कंत्राट घेताना गेराल्टला भाव वाढवून मागता येतो. पट्टी सरकवायची, जास्त ताणलं तर समोरचा चिडतो, आणखी ताणलं तर आपलंच नुकसान. नानांनी एक व्यापारी आमच्या बागेचे पैसे बुडवून गेलेला पाहिलाय, त्या वर्षी घरात काय झालं ते सांगत नाही. तेव्हापासून त्यांचा नियम आहे, आधी पैसे मग घड. प्रत्येक कंत्राटाला मागून आवाज, "अजून पाच वाढव. चिडला नाही अजून." मी एकट्याने खेळलो असतो तर भिकेला लागलो असतो.

सिडकोचा_राजा | २९ ऑक्टोबर, सकाळी ८.४०

नानांना आमच्या कंपनीच्या पगारवाढीच्या मीटिंगला पाठवा.

रात्रपाळी | ११ डिसेंबर, रात्री १२.२०

मुख्य कथा संपली. सांगतो, पण स्केलिगेच्या बेटांवरून पटकन जातो. तिथे मला समुद्रात पोहण्याचा आणि तळातून पेट्या काढण्याचा अक्षरशः वैताग आला. निम्म्या पेट्या सोडून दिल्या.

केर मोर्हेन या विचरांच्या किल्ल्यावरची लढाई. म्हातारा व्हेसेमिर गेला. नाना त्याला 'वस्ताद' म्हणायचे. वस्तादाला जाळताना नाना म्हणाले, "सकाळी दूध घालायला जायचंय, झोपतो," आणि झोपले नाहीत.

त्यानंतर सिरी खचलेली असते, आणि पर्याय येतो. तिला 'सगळंच जमायला हवं असं नाही' म्हणून बसवायचं, की बाहेर नेऊन बर्फाचे गोळे फेकायचे. मी पहिला दाबणार होतो, शहाणपणाचा वाटला. नाना म्हणाले, "तिला उपदेश नको, खेळव तिला." मग पुढे चेटकिणींच्या सभेला तिने जायचं. तिच्यासोबत जावं की एकटीला जाऊ द्यावं? "एकटीला जाऊ दे." प्रयोगशाळेत ती चिडून सामान फोडायला लागते. अडवू? "फोडू दे."

इथे मी थांबलो. कारण ताईला पुण्याला होस्टेलवर सोडायला गेले तेव्हा हेच नाना चार दिवस तिथे तळ ठोकून होते. वॉर्डनला रोज भेटायचे. ताई अजून ते काढून भांडते. मी म्हटलं, "नाना, ताईच्या वेळी नाही सुचलं हे?" नाना म्हणाले, "तेव्हा मी कुठं बसून बघत होतो."

राजाकडे, म्हणजे तिच्या सख्ख्या बापाकडे, सिरीला नेलं नाही. आमची सिरी शेवटी विचर झाली. व्हाइट ऑर्चर्डच्या त्याच खानावळीत गेराल्टने तिला चांदीची तलवार दिली. त्या विहिरीच्या गावाजवळच. ताईला व्हिडिओ कॉलवर शेवट दाखवला. ती म्हणाली, याच्यावरून मला आता स्कूटरसाठी पैसे हवेत.

भुताळ | ११ डिसेंबर, सकाळी ६.५५

'तेव्हा मी कुठं बसून बघत होतो.' हं.

गोदाकाठी | ११ डिसेंबर, सकाळी ८.३०

माझ्या पहिल्या खेपेला सिरी परत आलीच नाही. मी प्रत्येक ठिकाणी तिच्यासोबत गेले होते, काळजीने. नंतर वाचलं तेव्हा कळलं की तो काळजीचाच शेवट होता. मुलगा तेव्हा बारावीला होता. पुढचं लिहीत नाही.

पुढच्या विचरचा ट्रेलर आला तेव्हा मुख्य पात्र सिरी आहे हे पाहून आनंद झाला. गेम आला की नाना नि मी एकाच दिवशी सुरू करू.

ग्वेंटवेडा | ११ डिसेंबर, सकाळी ९.१५

एक्स्पान्शन सोडू नका. 'हार्ट्स ऑफ स्टोन' (ऑक्टोबर २०१५) ची कथा मूळपेक्षाही बांधीव आहे. 'ब्लड अँड वाइन' (मे २०१६) तर तुमच्याच धंद्यातलं. द्राक्षबागा!

रात्रपाळी | २२ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

(ब्लड अँड वाइनबद्दल, फुटलं तर बोंबलू नका.)

अर्धा माल गेला, अर्धा अजून बागेत. लिहायला वेळ नाही, तरी हे लिहिल्याशिवाय राहवेना. तुसाँ नावाच्या संस्थानात तिथली डचेस गेराल्टला कामाचा मोबदला म्हणून अख्खी द्राक्षबाग देते, कोर्व्हो ब्यांको. घरासकट, कारभाऱ्यासकट. नानांसाठी ही कथेतली सर्वात अशक्य गोष्ट. "बाग फुकट देतात? मग त्यांच्यावर कर्ज किती आहे ते बघ आधी."

मग पाहणी सुरू झाली. गेराल्टला तासभर ओळींमधून चालायला लावलं. निरीक्षणं अशी: ठिबक नाही. मांडव नाही, लोखंडी अँगल नाहीत. घड पिकलेत आणि वरून नेट नाही, पाखरं काय उपाशी आहेत का? पानावर भुरी कुठे दिसत नाही, म्हणजे एकतर औषध जबरदस्त आहे किंवा चित्र काढणाऱ्याने बाग लांबून पाहिलीय. आणि मुख्य मुद्दा, मणी एवढे बारीक का? "याला जीए मारलंच नाही. हा माल पिंपळगावला कुणी उचलणार नाही." (जीए म्हणजे मणी फुगवायचं औषध.)

शिराझ | २२ फेब्रुवारी, रात्री ८.१०

दिंडोरीकडे एका वायनरीत काम करतो, म्हणून बोलतो. नानांना सांगा, मणी बारीक हवेतच. ती खायची द्राक्षं नाहीत, वाइनची आहेत. तुमच्या थॉमसनला बी नसतं, साल पातळ, मणी लांब आणि फुगीर हवा, म्हणून जीए. वाइनच्या द्राक्षात मणी लहान, साल जाड, आत बिया. रंग आणि चव सालीतच असते, मणी फुगवला तर पाणीच वाढतं. आमच्याकडच्या शिराझ, कॅबरने, सोव्हिन्यो ब्लाँच्या बागाही मांडवावर नसतात, तारांवर उभ्या ओळीत असतात, बऱ्याचशा त्या गेमसारख्याच दिसतात. उत्पादन मुद्दाम कमी ठेवतो. ठिबक आणि नेटबद्दल मात्र नाना शंभर टक्के बरोबर. आणि भुरीबद्दलही. गेल्या हंगामात आम्ही काय भोगलं ते आम्हालाच माहीत.

रात्रपाळी | २३ फेब्रुवारी, रात्री ११.५०

शिराझ, वाचून दाखवलं. नाना म्हणाले, "एवढा कमी माल काढून परवडतं का, ते विचार." मी सांगितलं त्यांना, की गेराल्टलाही परवडत नाही, तो अजून राक्षस मारायला जातो.

शिराझ | २४ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

😂 तेच उत्तर द्या. जोडधंदा लागतोच.

रात्रपाळी | ९ मार्च, रात्री १०.४५

शेवटची गाडी काल भरली. मी आज लवकर झोपणार होतो. बाहेरच्या खोलीतून आवाज आला म्हणून पाहिलं तर नानांनी लॅपटॉप उघडून नवीन गेम सुरू केलाय. अवघडपणा 'फक्त कथा'. चष्मा, दोन बोटं, जीभ बाहेर. विहिरीवरच्या बाईपर्यंत एकटे पोचलेत. इंग्रजी वाचता येत नाही, पण म्हणतात, सगळं पाठ आहे.

आई मागे बसली होती. पहिल्यांदा स्क्रीनसमोर. तिला विचारलं तर म्हणाली, "बघतेय. ती बाई यायला किती दिवस लागतील?" मी सांगितलं वेलेनला पोचायला चार-पाच रात्री. "या वेळी तिला वाचवता येईल का बघा."

गोदाकाठी, काही रस्ता आहे का?

आणि तातडीचा प्रश्न: नानांची घोडी कुंपणात अडकली आहे, निघत नाही.

गोदाकाठी | ९ मार्च, रात्री ११.०५

नाही हो. दोन्हीकडे नाही. एकीकडे जीव जातो, एकीकडे मन. पोरं मात्र एकीकडे वाचतात. आईंना तुम्हीच सांगा, मला जमणार नाही.

ग्वेंटवेडा | ९ मार्च, रात्री ११.१२

घोडीवरून उतरायचं, तिच्याकडे पाठ करून थोडं लांब पळायचं आणि एक्स दाबून शिट्टी मारायची. दुसरीकडून येते. छपरावर चढलेली दिसली तर घाबरू नये, ती जुनी सवय आहे.